क्षमा कोणाच्या वतीने?

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत रचलेला ऊस, आणि मागून पाहिले तर ना दिवा, ना लाल पट्टी. दिवसा हे दृश्य समृद्धीचे वाटते. रात्री तीच समृद्धी काळोखात भिंतीसारखी उभी असते. चाक पंक्चर झाले की चालक ट्रॉली रस्त्याच्या कडेला सोडतो, तिच्याभोवती चार दगड मांडतो आणि मदत शोधायला जातो. या भागात धर्मगुरू म्हणून सेवा करताना संध्याकाळच्या मिस्सेसाठी गावोगाव जाण्याचा प्रसंग मला नित्याचाच. अशा कितीतरी ट्रॉल्यांना मी वळसा घालून पुढे गेलो आहे. त्यांपैकी एका ट्रॉलीविषयी आज लिहिणार आहे.

आरंभीच एक सांगतो. पापनिवेदनात कानी पडलेला एकही शब्द या लेखात नाही. तो असूच शकत नाही. जे लिहितो आहे ते घराच्या ओट्यावर बोलले गेले, आणि ज्या दोन कुटुंबांचे ते आहे त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक तेवीस वर्षांचा तरुण कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून काम आटोपून मोटारसायकलने तासगावच्या दिशेने घरी निघाला होता. वाटेत अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर तो मागून आदळला आणि जागीच गेला. त्याची आई मिरजेच्या एका रुग्णालयात आया म्हणून काम करीत असे. पतीच्या पश्चात तिने दोन मुले वाढवली होती; हा थोरला. ती ट्रॉली ज्याच्या ताब्यात होती तो चालकही सव्वीस वर्षांचा कोवळा पोर. आणि तोही आमच्याच धर्मग्रामातला! नगर जिल्ह्यातून मागल्या पिढीत ऊसतोडीसाठी आलेले आणि इकडेच स्थिरावलेले ते कुटुंब. रविवारच्या मिस्सेला ही दोन्ही कुटुंबे एकाच मंदिरात, चार बाकांच्या अंतराने बसत.

अंत्यविधी मी केला. त्या दिवशी ते दुसरे कुटुंब आले नाही. पुढे कित्येक आठवडे ते मंदिरातही दिसले नाही.

प्रायश्चित्तकाळ संपत आला तेव्हा चालकाचा बाप माझ्याकडे आला. "फादर, पोरगं जेवत नाही, झोपत नाही. तुम्ही एकदा त्या बाईंशी बोला. माफ केलं म्हणाल्या तर आमच्या जिवाला बरं वाटेल. आणि पैशाचं काही ठरवून खटला मिटवता आला तर तेही बघा." बापाचे काळीज मला कळत होते. शिवाय पुनरुत्थान सणानंतरचा पहिला रविवार जवळ आला होता. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी पोलंडच्या धर्मभगिनी फाउस्तिना यांना संतपद बहाल केले आणि हा रविवार दैवी करुणेचा रविवार म्हणून साऱ्या ख्रिस्तसभेला दिला, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्या दिवशीच्या प्रवचनासाठी याहून योग्य प्रसंग कोणता, असे माझ्या मनात आले. ते मनात आले याची आज मला लाज वाटते.

प्रवचन चांगले झाले असे लोक म्हणाले. दुपारी मी त्या माउलीच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. मी तिला संत मारिया गोरेत्तीची कथा सांगितली. १९०२ साली इटलीत अलेस्सांद्रो नावाच्या तरुणाने अकरा वर्षांच्या मारियावर वार केले. मरताना तिने त्याला क्षमा केली. पुढे तिच्या आईनेही, असुंतानेही, त्याला क्षमा केली आणि दोघांनी एकाच मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारले. "ताई, असुंताचंही काळीज आईचंच होतं," मी म्हणालो.

ती बराच वेळ गप्प होती. मग शांतपणे म्हणाली, "फादर, त्या आईकडे तो माणूस स्वतः गेला होता ना? इथं तर तुम्हीच आलात."

मला उत्तर सुचले नाही. खरी गोष्ट तिनेच पूर्ण केली होती. अलेस्सांद्रोला तीस वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांपैकी सत्तावीस वर्षे त्याने तुरुंगात काढली. सुटल्यावर १९३४ च्या नाताळात तो असुंताच्या दारात उभा राहिला आणि त्याने क्षमा मागितली. मी सांगितलेल्या कथेतून ती सत्तावीस वर्षे गळाली होती, आणि तो दाराशी उभा राहिल्याचा क्षणही गळाला होता. उरली होती ती फक्त क्षमा करणारी आई. कारण मला हवी होती तीच.

निघताना ती एवढेच म्हणाली, "देवाची दया देवाजवळ आहे, फादर. माझ्या पोराच्या वतीनं माफी द्यायची तर ती मागायला कुणी आलं पाहिजे."

त्या रात्री मी सेमिनरीतील जुन्या वह्या काढून बसलो. १५५१ साली त्रेंतच्या विश्वपरिषदेने प्रायश्चित्त संस्काराविषयी जे शिकवले ते आम्ही परीक्षेसाठी तोंडपाठ केले होते. पश्चात्ताप करणाऱ्याच्या बाजूने तीन गोष्टी लागतात : मनापासून दुःख, पापाची कबुली आणि भरपाई. पापाची क्षमा मिळाली तरी पापाने जे मोडले ते आपोआप जुळत नाही. चोरलेले परत करावे लागते, मलिन केलेले नाव शक्य तितके उजळावे लागते. जक्कयाच्या घरी प्रभू येशू पाहुणा म्हणून गेला तो जक्कयाने काही कबूल करण्यापूर्वीच. दया आधी आली. परंतु त्या दयेने जक्कयाला बसू दिले नाही. त्याने उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभूने दोषी ठरवले नाही, पण पुन्हा पाप न करण्याची आज्ञा देऊनच तिला पाठवले. हे सारे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. तरी त्या ओट्यावर मी क्षमा वाटायला गेलो ती प्रसादाच्या पुडीसारखी.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती मी कोणालाही सांगितली नव्हती. तिच्याकडे मी वळणारच आहे. पण मधे एक प्रवास झाला, तो आधी सांगतो.

त्याच उन्हाळ्यात तुरुंगसेवेचे काम करणारे एक सहकारी धर्मगुरू मला आटपाडीला घेऊन गेले. विटा मागे पडला की उसाचे हिरवेपण सरते आणि माणदेश सुरू होतो : उघडे माळ, मेंढरांचे कळप, मधूनच डाळिंबाच्या बागा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. खुनासारख्या गुन्ह्यांत जन्मठेप झालेले कैदी तिथे उंच भिंतीविना राहतात, आपल्या बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात.

या वसाहतीचा इतिहास आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा आहे. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. परंतु स्वातंत्र्यापूर्वी दोन्ही औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि चित्रकलेचे जाणकार म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली आपली राजसत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. या कामात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. फ्रीडमन हे वॉर्सातून आलेले ज्यू अभियंते. भारतात ते गांधीजींच्या सहवासात आले आणि भारतानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच सुमारास त्यांनी राजांपुढे कल्पना मांडली की संस्थानच्या कैद्यांना बेड्यांविना माळावर नेऊन तिथे त्यांना शेती करू द्यावी. राजांनी मान्यता दिली आणि स्वतंत्रपूर वसले. दैवी करुणेचा संदेश देणाऱ्या संत फाउस्तिना १९३८ साली पोलंडमध्ये मरण पावल्या. त्यानंतर लवकरच त्याच देशाच्या एका ज्यू पुत्राने आपल्या माणदेशात करुणेची ही शेती लावावी, याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे वाचकांवर सोपवतो.

ज्या माणदेशाने हा प्रयोग पाहिला त्याच मातीतले, औंधच्या शाळेत शिकलेले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून कथा लिहिली. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्या कथेवर काढला. सहा खुनी कैद्यांना माळावर घेऊन जाणारा त्यातला जेलर अनेकांना आठवत असेल. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले आणि त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला. औंधच्या एका हिंदू राजाचा आणि एका ज्यू अभियंत्याचा प्रयोग पडद्यावर पाहून कॅथलिक परीक्षकांना त्यात शुभवर्तमानाचा गंध यावा, याचा मला फार आनंद वाटतो.

स्वतंत्रपुरात मी एका कैद्याशी बोललो. वय माझ्याच आसपास. हातून भाऊबंदकीच्या भांडणात खून झालेला. मी त्याला विचारले, "भिंत नाही, पळून जावंसं वाटत नाही?" तो हसला. म्हणाला, "भिंत होती तवा रोज वाटायचं. हितं भिंत न्हाई, म्हणून रोज सकाळी आपल्यालाच आपल्याला हजर करावं लागतं." थोडा थांबून म्हणाला, "मोठ्या जेलात मी नुसता बसून होतो. हितं शेत हाय, बायको-पोरं हायती. ज्याला मारला त्याच्या पोरांचा इचार हितं आल्यावर सुरू झाला."

परतीच्या वाटेवर ते शेवटचे वाक्य माझी पाठ सोडीना. बंद कोठडीत त्याला शिक्षा होती. मोकळ्या रानात त्याला आपल्या कृत्याची जाणीव झाली. दयेने त्याची शिक्षा पुसली नव्हती. जन्मठेप जन्मठेपच होती, हजेरी रोजची होती. पण त्याच्यावर विश्वास टाकला गेला, म्हणून तो जबाबदार होऊ शकला. ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असे मागितले. वाकडेपणा जायचा तर दुष्ट म्हटल्या जाणाऱ्या माणसालाही काहीतरी करावे लागते, आणि ते करण्याची संधी त्याला द्यावी लागते.

याची दुसरी बाजूही याच भूमीने पाहिली आहे. स्वतंत्रपूर वसल्यानंतर चारच वर्षांनी, १९४३ पासून, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा साताऱ्यातच मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र कुंडल. तेही औंध संस्थानातलेच गाव. गावोगावी न्यायदान मंडळे बसली. दरोडेखोरांना आणि इंग्रजांच्या खबऱ्यांना कठोर शिक्षा झाल्या. तळपायांवर मारण्याच्या शिक्षेवरून लोकांनी त्याला पत्री सरकार म्हटले, असे जुने लोक सांगत. त्या शिक्षांचे समर्थन करणे माझ्याने होणार नाही. परंतु सावकाराने आणि गुंडाने नाडलेला माणूस न्यायनिवाड्याची इतक्या आतुरतेने वाट का पाहत होता, हे मात्र समजून घेतले पाहिजे. ज्याचे काही लुटले गेलेले नाही त्याला देवाच्या न्यायाची भीती वाटते. ज्याचे लुटले गेले आहे त्याला त्या न्यायाची आशा असते. म्हणूनच स्तोत्रकर्ता परमेश्वर न्याय करायला येत आहे म्हणून रानातल्या झाडांनाही आनंद करायला सांगतो. ती माउली सूड मागत नव्हती. आपल्या पोराचा जीव गेला, तो कुणाच्यातरी हयगयीमुळे गेला, एवढे कुणीतरी तिच्यासमोर उच्चारावे, हे तिचे मागणे होते. त्या मागणीपुढे दयेचा पडदा ओढायला मी गेलो होतो.

आता ती राहिलेली गोष्ट.

अपघात झाला त्या संध्याकाळी मी त्याच रस्त्याने परतत होतो. साडेआठच्या सुमारास ती ट्रॉली माझ्या दिव्यांच्या उजेडात एकाएकी समोर आली. मी चाक वळवले, थोडक्यात वाचलो, 'कुणीतरी मरेल एखाद्या दिवशी' असे पुटपुटलो आणि पुढे निघून आलो. माझ्या गाडीत विजेरी होती. रस्त्याकडेला झाडाच्या फांद्या होत्या. अर्ध्या किलोमीटरवर एक हॉटेल होते, तिथे सांगता आले असते, चालकाला शोधता आले असते. मी घरी आलो, जेवलो, सायंप्रार्थना म्हटली. प्रत्येक मिस्सेच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्यात कसूर करून पाप केल्याचे कबूल करतो. त्या चौथ्या शब्दाशी मी आयुष्यात फारसा थांबलो नव्हतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात डावीकडे उभे केलेल्यांनी कुणाला मारलेले नसते, कुणाला लुटलेले नसते. ते फक्त जवळून निघून गेलेले असतात.

पापनिवेदन मी केव्हाच केले होते. पण त्या आईला मी काहीच सांगितले नव्हते, आणि वर तिलाच क्षमेचा धडा द्यायला गेलो होतो.

आटपाडीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. ती भांडी घासत होती. हात थांबले.

"किती वाजले होते, फादर?"

"साडेआठ."

"तो पावणेदहाला गेला," ती म्हणाली. मग हळूच, जणू स्वतःशीच हिशेब करीत, "म्हणजे सव्वा तास होता."

त्या एका वाक्याइतका कठोर न्याय माझा आजवर कुणी केलेला नाही. आणि त्यात कठोर शब्द एकही नव्हता. मी मान खाली घालून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तिने पदराला हात पुसले. म्हणाली, "मी माफ केलं असं आज नाही म्हणणार. पण तुम्ही आलात. आता त्यालाही सांगा यायला. बापाला घेऊन नको. एकट्यानं यावं."

तो आला. त्याला दारापर्यंत सोडून मी रस्त्यावर थांबणार होतो, पण तिने मलाही आत बोलावले. तिने त्याला सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. चाक कधी बसले, तो कुठे गेला, किती वेळ गेला. मग विचारले, "दिवा का नव्हता?"

"मालक म्हणाले, पुढच्या खेपेला लावू."

"आणि तू?"

तो खाली बघत म्हणाला, "मीपण तसंच म्हणालो."

ती रडली ती तेव्हा. मुलगा गेल्यावर मी तिला मोकळेपणाने रडताना पाहिले नव्हते. तो पोरगाही रडला. क्षमेचा शब्द त्या दिवशी उच्चारला गेला नाही. जाताना तिने त्याला पाण्याचा तांब्या दिला, एवढेच.

खटला मिटवला गेला नाही. त्याने न्यायालयात आपला दोष कबूल केला आणि कायद्याने दिलेली शिक्षा भोगली. बापाला सुरुवातीला माझा राग आला; तो राग मी सहन केला, कारण त्यातही न्यायाचा अंश होता. शिक्षा संपवून परतल्यावरच्या पहिल्या हंगामात हा तरुण रेडियमच्या लाल पट्ट्यांचे रीळ आणि एक चिंधी घेऊन संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्यावर उभा राहू लागला. ट्रॉली थांबवायची, मागची फळी पुसायची, पट्टी चिकटवायची. कुणी हसत, कुणी शिव्या देत. हळूहळू आमच्या धर्मग्रामातील चार तरुण त्याच्या सोबतीला गेले, मग इतर समाजातलेही. मेलेला परत येत नाही; ही भरपाई पुरी नाही, हे तो जाणतो. पण जक्कयाने तरी ज्यांना लुबाडले त्या सगळ्यांना शोधून काढले असेल का? दया माणसाला ज्या दिशेने उभे करते, त्या दिशेने तो चालू लागतो. पुरे करणे देवाच्या हाती.

ट्रॉलीचा मालक, दिवा न लावता ट्रॉली रस्त्यावर येऊ देणारी व्यवस्था, आणि रोज तिला वळसा घालून जाणारे आपण सगळे, या साऱ्यांची जबाबदारी एका सव्वीस वर्षांच्या चालकाच्या माथी मारून मोकळे होणे हाही एक प्रकारचा अन्यायच. दुसऱ्याकडून क्षमा मागवताना आपल्या वाट्याचे मागणे राहून तर गेले नाही ना, हे प्रत्येकाने घरी बसून पाहावे, अशी माझी वाचकांना नम्र विनंती आहे. घरातल्या भांडणांत, भावकीच्या वाटण्यांत, सासू-सुनेच्या अबोल्यात आपण धर्मगुरूला मध्यस्थ घालतो आणि 'त्यांनी माफ करावं एवढं सांगा' म्हणतो. निरोप पोहोचवायला मी आजही जातो. पण आधी विचारतो, "तुम्ही स्वतः केव्हा येणार?"

ती माउली आजही रविवारच्या मिस्सेला येते. शांतीची खूण करताना ती चार बाकांपलीकडे वळून हात जोडते. ते हात कुणासाठी जोडलेले असतात हे मी तिला विचारलेले नाही. गेल्या हंगामात एका संध्याकाळी ती त्या मुलांसाठी डब्यात भाकरी घेऊन कारखान्याच्या रस्त्यावर आली होती, हे मात्र मी पाहिले.

माझ्या गाडीत आता पट्ट्यांचे एक रीळ असते. रस्त्याकडेला ट्रॉली दिसली की मी थांबतो. कधी मिस्सेला दहा मिनिटे उशीर होतो. लोक वाट पाहतात, आणि का उशीर झाला हे त्यांना ठाऊक असते. शेवटच्या दिवशी दयेवरची माझी प्रवचने प्रभू मोजील असे मला वाटत नाही. त्या साडेआठच्या वेळेविषयी मात्र तो नक्की विचारील. तेव्हा त्याच्या करुणेवाचून मला दुसरा आधार नसेल. आणि ती करुणा मागायला मला स्वतःलाच जावे लागेल.